परदेशी कर्मचाऱ्यांची नेमणूक : बदललेले नियम आणि आपली केंद्रे

चिकित्सेचे चार पाद आयुर्वेदाने सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी रोगी परदेशातून येऊ लागला त्यास आता बराच काळ लोटला. अलीकडे उपस्थाताही अधूनमधून परदेशी असतो, असे आपल्या पंचकर्म केंद्रांतून व औषधनिर्मितीच्या कारखान्यांतून दिसू लागले आहे. कोठे जर्मन वा रशियन भाषा जाणणारी दुभाषी असते. कोठे 'शिकावयास' आलेला व शिकता शिकता अभ्यंग-शिरोधारा करू लागलेला एखादा युरोपीय तरुण असतो. कोठे निर्यात विभागाची कागदपत्रे सिद्ध करणारा सल्लागार, तर कोठे वर्षानुवर्षे भट्टीवर काढे आटविणारा नेपाळी सेवक. उपस्थात्याचे गुण सांगताना चरकाचार्यांनी उपचारज्ञता, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता यांचा उल्लेख केला. व्हिसाचा केला नाही. शासनाच्या लेखी मात्र तोच पहिला गुण ठरतो, आणि त्याच्या अभावी उरलेल्या चारांची विचारपूसही होत नाही.

या विषयाकडे आताच लक्ष वेधण्याचे कारण असे, की दिनांक १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५' हा नवा केंद्रीय कायदा अमलात आला आहे. त्यामुळे १९२० चा पासपोर्टविषयक प्रवेश कायदा, १९३९ चा परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा, १९४६ चा फॉरिनर्स अ‍ॅक्ट आणि प्रवासी वाहतूकदारांच्या दायित्वासंबंधीचा २००० चा कायदा असे चारही कायदे रद्द झाले. पहिल्या तिहींचा जन्म स्वातंत्र्यपूर्व काळातला. इतकी वर्षे त्यांच्यावर आदेश, परिपत्रके आणि सूचना यांची पुटे चढत गेली होती. ती आता एका कायद्याखाली व त्याखालील नियमांत आणली गेली आहेत. त्याच सुमारास यंत्रसामग्री उभारणीसाठी येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांसंबंधीचे धोरणही बदलले. या दोन्ही बदलांचा आपल्या व्यवसायाशी असलेला संबंध येथे स्पष्ट करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

'वर्क परमिट' नावाची वस्तू

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेक फार्मसीधारक 'वर्क परमिट कोठे मिळते?' अशी पृच्छा करतात. आखाती देशांत किंवा युरोपात ज्या अर्थाने हा शब्द वापरला जातो त्या अर्थाचा स्वतंत्र परवाना आपल्या देशात नाही. येथे ते कार्य एम्प्लॉयमेंट व्हिसा, म्हणजे नोकरीसाठीचा प्रवेशपरवाना करतो. तो कर्मचाऱ्याने स्वदेशातील, किंवा जेथे तो दोन वर्षांहून अधिक काळ वास्तव्य करून आहे त्या देशातील, भारतीय वकिलातीकडून घ्यावयाचा असतो. पर्यटक म्हणून यावे, काम आवडले तर येथेच व्हिसा 'बदलून' घ्यावा, अशी सोय नाही. आमच्या पाहण्यातील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या एका समजुतीत आहे.

हा व्हिसा देताना शासन दोन गोष्टी पाहते. ज्या कामासाठी पात्र भारतीय व्यक्ती उपलब्ध आहेत त्या कामासाठी तो दिला जात नाही, आणि नित्याच्या, कारकुनी वा चिटणीसी स्वरूपाच्या कामासाठीही दिला जात नाही. नेमणूक करणारी संस्था भारतात रीतसर नोंदलेली असावी लागते. कर्मचाऱ्याच्या येथील वर्तनाची आणि मुदत संपताच त्याच्या परत जाण्याची जबाबदारी ती संस्था पत्करते. एकदा एका संस्थेच्या नावाने आलेला कर्मचारी येथल्या येथे दुसऱ्या संस्थेकडे जाऊ शकत नाही. मूळ कंपनी व तिची उपकंपनी यांसारखे अपवाद आहेत, परंतु त्यांचा आपल्या लहान कारखान्यांना उपयोग थोडाच. शेजारच्या केंद्रातील परदेशी दुभाषी हंगामापुरती 'उसनी' आणणे म्हणजे, दोघांच्याही सदिच्छा कितीही निर्मळ असोत, त्या दुभाषीला अडचणीत टाकणे होय.

पगाराचा उंबरठा

या नियमांना आजचे रूप येण्याची सुरुवात २००९ साली झाली. तोपर्यंत व्यापारासाठी असलेल्या बिझनेस व्हिसावर येऊन परदेशी कामगार सर्रास प्रकल्पांवर राबत असत. वीजप्रकल्पांवरील चिनी कामगारांची संख्या चर्चेचा विषय झाली, तेव्हा केंद्र शासनाने अशा सर्वांना ३१ ऑक्टोबर २००९ पर्यंत देश सोडून योग्य व्हिसावर परतण्यास सांगितले. त्यानंतर नोकरीच्या व्हिसासाठी वार्षिक २५,००० अमेरिकी डॉलरहून अधिक पगाराची अट आली. हेतू उघड होता : परदेशातून स्वस्त मनुष्यबळ येऊ नये, दुर्मिळ कौशल्य मात्र यावे.

पुढे हा उंबरठा रुपयांत ठरविण्यात आला. तो वार्षिक १६.२५ लाख रुपये आहे. प्रतिडॉलर ६५ रुपये धरले तर तो बरोबर २५,००० डॉलर होतो. रुपया त्यानंतर जसजसा घसरला तसतसा डॉलरच्या हिशेबात उंबरठा खाली आला. तथापि आपल्या हिशेबात तो पुरेसा उंच आहे. महिना सुमारे १ लाख ३५ हजार रुपये पगार देऊन परदेशी उपचारक ठेवील असे पंचकर्म केंद्र आमच्या परिचयात नाही, आणि असले तरी 'येथे पात्र भारतीय उपचारक मिळत नाहीत' हे त्यास वकिलातीला पटवून द्यावे लागेल. केरळपासून कोकणापर्यंत कुशल उपचारक असताना ते कसे पटावे?

पगारात काय धरावे याविषयीही घोळ असतो. रोख वेतन आणि रोख भत्ते धरले जातात. विनामूल्य निवासासारख्या सवलती आयकराच्या हिशेबात पगाराचा भाग ठरत असतील तरच मोजल्या जातात, आणि त्यांचे रुपयांतील मूल्य नेमणुकीच्या करारात स्पष्ट लिहावे लागते. 'राहणे-जेवण केंद्राकडे' एवढे मोघम वाक्य करारात घालून उंबरठा गाठल्याचे समाधान मानू नये. ज्या सवलतीवर कर लागत नाही ती येथे शून्य समजावी.

काही कामांना मात्र पगाराची ही अट लागू नाही. दूतावासांचे कर्मचारी, परदेशी पाककृती रांधणारे त्या त्या देशाचे आचारी, आणि इंग्रजी वगळता अन्य भाषांचे शिक्षक व अनुवादक यांना सूट आहे. संसर्जन क्रमातील पेया-विलेपी शिजविण्यासाठी कोणी परदेशी आचारी आणील असे वाटत नाही. परंतु तिसरी सूट आपल्या कामाची आहे. ज्या केंद्रांकडे जर्मन, रशियन, जपानी वा फ्रेंच भाषिक रुग्ण नियमित येतात त्यांना त्या भाषेचा अनुवादक या सवलतीखाली मागता येईल. मात्र मग त्या व्यक्तीने अनुवादच करावा. सकाळी दुभाषी व दुपारी स्नेहन कक्षात उपचारक, अशी दुहेरी नेमणूक कागदावरील कामाशी विसंगत ठरते.

पर्यटक, विद्यार्थी, स्वयंसेवक आणि आयुष व्हिसा

वास्तविक आपल्या केंद्रांपुढील खरा प्रश्न पगारी परदेशी नोकरांचा नाहीच. तो बिनपगारी परदेशी मदतनिसांचा आहे. त्यामुळे या भागाचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

एखादी परदेशी व्यक्ती पर्यटक म्हणून येते. पंधरा दिवस उपचार घेते, मन रमते, मग शिकण्याची इच्छा व्यक्त करते. वैद्यही कौतुकाने होकार देतात. महिन्याभरात ती व्यक्ती रुग्णांना पाने-फुले दाखविण्यापासून पिंडस्वेदाची पोटली बांधण्यापर्यंत सारे करू लागते. पैसे कोणी कोणास देत नाही; राहणे व जेवण मात्र केंद्रात. हे सारे इतक्या सहजपणे घडते, की कोणत्या दिवशी पर्यटक कर्मचारी झाला ते कोणालाच सांगता येत नाही. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला मात्र ते लगेच दिसते, कारण त्या व्यक्तीच्या अंगावर केंद्राचा गणवेश असतो.

नियम काय म्हणतो? पर्यटनासाठीच्या ई-व्हिसावर अल्प मुदतीच्या योगवर्गास बसता येते. स्थानिक भाषा, संगीत, नृत्य, पाककला, वैद्यक अशा विषयांचे सहा महिन्यांपर्यंतचे छोटे अभ्यासवर्गही करता येतात. अट अशी, की त्यातून पात्रता देणारे प्रमाणपत्र वा पदविका मिळू नये. तसेच स्वयंसेवा करता येते, परंतु ती जास्तीत जास्त एक महिना आणि कोणत्याही स्वरूपाच्या मोबदल्याशिवाय. 'मोबदला' म्हणजे केवळ नोटा असे कोठे म्हटलेले नाही. तेव्हा कामाच्या बदल्यात खोली व दोन वेळचे भोजन देणारी व्यवस्था कितपत सुरक्षित आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा. आमचे मत विचाराल तर ती सुरक्षित नाही.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत तर अधिक काटेकोर राहिले पाहिजे. 'पंचकर्म थेरपिस्ट' अशी पदवीसदृश अक्षरे छापलेला, सुवर्णरंगी मोहोर उमटविलेला कागद पर्यटकाच्या हाती देणे हे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. व्हिसाच्या अटीशी ते विसंगत आहे, आणि तो कागद भिंतीवर टांगून परदेशात आयुर्वेदाच्या नावाने व्यवसाय थाटला जातो ते वेगळेच. ज्यांना गंभीरपणे शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी विद्यार्थी व्हिसा आहे व मान्यताप्राप्त संस्था आहेत.

इंटर्न म्हणून येणाऱ्या परदेशी पदवीधरांसाठीही स्वतंत्र व्हिसा आहे. एखाद्या कंपनीत इंटर्न घ्यावयाचा तर त्यास वार्षिक किमान ३.६० लाख रुपये विद्यावेतन द्यावे लागते. नोकरीच्या उंबरठ्याच्या मानाने हे पुष्कळच कमी आहे, आणि ज्या औषधनिर्मात्यांना निर्यातीच्या कागदपत्रांसाठी परदेशी औषधशास्त्र पदवीधराची वर्षभर मदत हवी असेल त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

आता आयुष व्हिसा. एप्रिल २०२२ मध्ये गांधीनगर येथील जागतिक आयुष परिषदेत पंतप्रधानांनी याची घोषणा केली आणि २०२३ साली तो प्रत्यक्षात आला. भारतीय चिकित्सापद्धतींनी उपचार घेण्यासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी हा स्वतंत्र वर्ग आहे. सोबतच्या परिचारकासाठीही त्यात तरतूद आहे. हा आपल्या शास्त्राचा सन्मान होय, यात शंका नाही. परंतु नावात 'आयुष' आहे म्हणून आयुष केंद्रात काम करण्याची ही मुभा आहे, असा अर्थ काहींनी लावल्याचे आम्ही ऐकतो. तो सर्वस्वी चुकीचा आहे. हा व्हिसा रोग्याचा आहे. उपस्थात्याचा नाही.

नव्या कायद्यात शिक्षेचे आकडे असे आहेत. व्हिसाच्या अटींचा भंग करणाऱ्या, किंवा मुदत संपूनही राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वैध पारपत्र वा व्हिसावाचून प्रवेश करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागदपत्रे वापरल्यास किमान दोन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय एक लाख ते दहा लाख रुपये दंड. गुन्ह्यास साहाय्य करणारा मोकळा सुटतो असे कोणी समजू नये. आणि त्या परदेशी तरुणाचे काय? त्याचे नाव काळ्या यादीत गेले तर ज्या देशावर व ज्या शास्त्रावर त्याचा जीव जडला, त्याची दारे त्याला बंद होतात. ज्या वैद्याने त्यास आपुलकीने ठेवून घेतले त्याच्या हातून हे व्हावे, यासारखे दुर्दैव नाही.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. मुंबई, पुणे व गोव्यात 'आयुर्वेदिक मसाज' अशी पाटी लावून चालणाऱ्या काही स्पा केंद्रांवर पोलिसी कारवाया होतात आणि त्यांत पर्यटक व्हिसावर काम करणाऱ्या परदेशी स्त्रिया आढळल्याच्या बातम्या येतात. त्या केंद्रांचा आणि आपल्या शास्त्राचा काडीचाही संबंध नसतो. पण बातमीच्या मथळ्यात शब्द 'आयुर्वेदिक' असाच येतो. आपली कागदपत्रे निर्दोष असणे हाच त्या पाट्यांपासून आपण वेगळे असल्याचा व्यवहारातील पुरावा आहे.

यंत्र उभारणीस येणारे तंत्रज्ञ

फार्मसीधारकांना हा बदल अधिक उपयोगी पडेल. एखाद्या कारखान्याने चीन, तैवान वा जर्मनीहून कॅप्सूल भरण्याचे किंवा ब्लिस्टर पॅकिंगचे यंत्र घेतले, की ते बसवून देण्यासाठी निर्मात्याचा तंत्रज्ञ येतो. अशा तंत्रज्ञाने, तो दहा दिवसांसाठी येत असला तरी, नोकरीचा व्हिसा घ्यावा असा नियम दीर्घकाळ होता. परिणामी यंत्र गोदीतून कारखान्यात येऊन पडे आणि ते चालू करणारा माणूस वकिलातीच्या रांगेत असे. २०२५ च्या उत्तरार्धात हे काम बिझनेस व्हिसाच्या कक्षेत आणण्यात आले आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यासाठी 'ई-बी-४' नावाचा उत्पादनविषयक ई-व्हिसा सुरू झाला. यंत्राची उभारणी व चाचणी, देखभाल, गुणवत्ता तपासणी, कामगारांचे प्रशिक्षण, कारखान्याची रचना अशी कामे त्यात येतात. भारतीय कंपनीने नॅशनल सिंगल विंडो या शासकीय संकेतस्थळावरून पुरस्कारपत्र काढावयाचे आणि ते पाहून तंत्रज्ञाने अर्ज करावयाचा, अशी पद्धत आहे. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेबाहेरील कंपन्यांनाही ही सोय खुली आहे, हे विशेष. यंत्राची मागणी नोंदवितानाच तंत्रज्ञाचे नाव व पारपत्राचा क्रमांक निर्मात्याकडून मागवून ठेवला, तर पुढील खोळंबा टळेल.

परदेशी सल्लागार आपल्याच देशात बसून दूरध्वनीवरून वा पत्राने सल्ला देत असेल तर व्हिसाचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला पाठविलेल्या मानधनावरील करकपातीचा प्रश्न उरतो. तो सनदी लेखापालाकडे सोपवावा.

ज्यांना व्हिसा लागत नाही

नेपाळी नागरिकांविषयी आमच्याकडे सर्वांत अधिक विचारणा होते. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री करारान्वये दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे वास्तव्य, मालमत्ता व व्यवसाय यांबाबत परस्पर सवलती आहेत. नेपाळी कर्मचाऱ्यास नोकरीचा व्हिसा लागत नाही, पगाराचा उंबरठाही लागू नाही; भूतानच्या नागरिकांचेही तसेच. भविष्य निर्वाह निधीच्या संदर्भातही या दोन्ही देशांचे नागरिक भारतीय कर्मचाऱ्यांप्रमाणेच गणले जातात. तेव्हा काढ्याच्या भट्टीवर वीस वर्षे काम करणाऱ्या सेवकास 'तू परदेशी' म्हणून निधीपासून वंचित ठेवणे नियमाला धरून नाही. त्याच्या नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्याची वा पारपत्राची प्रत मात्र दप्तरी असावी. ती नसेल तर तो नेपाळी आहे हे सिद्ध कसे करणार?

दुसरा वर्ग ओसीआय कार्डधारकांचा. अमेरिका-इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांतील मुले परत येऊन घरच्या फार्मसीत लक्ष घालू लागल्याची उदाहरणे वाढत आहेत. त्यांचे पारपत्र परदेशी असले तरी ओसीआय कार्ड असल्यास नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मार्च २०२१ च्या अधिसूचनेने संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार यांसारख्या कामांसाठी विशेष परवानगी आवश्यक केली आहे. औषधी कंपनीत 'संशोधन विभागप्रमुख' असे पद देण्यापूर्वी याची चौकशी करून घेणे शहाणपणाचे.

व्हिसा म्हणजे चिकित्सेचा अधिकार नव्हे

नोकरीचा व्हिसा मिळाला म्हणून कोणी रुग्ण तपासू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग कायद्यानुसार राज्याच्या वा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्यावाचून आयुर्वेदाची चिकित्सा करता येत नाही. आपल्या राज्यात ही नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन करते. जी परदेशी व्यक्ती आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे भारतीय चिकित्सा पद्धतीची नोंदणीकृत व्यावसायिक आहे, तिला येथे तात्पुरती नोंदणी देण्याची तरतूद या कायद्यात आहे. नेपाळ व श्रीलंका या देशांत अशी नोंदणी असल्याने तेथील वैद्यांना तिचा लाभ संभवतो. व्हिसापासून मुक्त असलेला नेपाळी वैद्यही या नोंदणीपासून मुक्त नाही, हे ध्यानी घ्यावे.

आल्यानंतरची कामे

नोकरीचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर कर्मचाऱ्याने आगमनापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावयाची असते. २०१८ पासून हे काम ई-एफआरआरओ या संगणकीय व्यवस्थेतून घरबसल्या होते. मुदतवाढ वर्षावर्षाने घेता येते, एकूण कमाल पाच वर्षे.

निवासी पंचकर्म केंद्रांची एक वेगळी जबाबदारी आहे. परदेशी व्यक्ती राहावयास येताच २४ तासांत तिची माहिती कळवावी लागते. 'सी फॉर्म' या जुन्या नावाने ती परिचित आहे. हे केवळ हॉटेलांसाठी आहे अशी समजूत करून घेऊ नये. नव्या कायद्यात रुग्णालये, शुश्रूषागृहे आणि निवासाची सोय असलेल्या इतर वैद्यकीय संस्थांचा उल्लेख स्वतंत्र कलमाने आलेला आहे. कर्मचारी केंद्राच्या आवारात राहणार असेल तर त्याचीही माहिती अशीच द्यावयाची.

वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी भविष्य निर्वाह निधीकडे विशेष लक्ष द्यावे. भारतीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर, म्हणजे दरमहा १,८०० रुपये, वर्गणी भरून भागते. ऑक्टोबर २००८ पासून परदेशी कर्मचाऱ्यांना ही मर्यादा नाही. वर्गणी पूर्ण वेतनावर. १६.२५ लाख हे सारेच मूळ वेतन धरले तर दरमहा १६,२५० रुपये कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच मालकाचे. या तरतुदीवरून कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एक व दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्याविरुद्ध मत दिले आहे. महाराष्ट्रातील फार्मसीधारकाने तरतूद लागू आहे असे धरूनच अंदाजपत्रक करावे. जर्मनी, फ्रान्स, जपान, ऑस्ट्रेलिया आदी ज्या देशांशी आपला सामाजिक सुरक्षा करार आहे, तेथील कंपनीने काही काळासाठी पाठविलेला कर्मचारी आपल्या देशाचे प्रमाणपत्र दाखवून यातून सुटू शकतो.

आपले वैद्य, त्यांचे परदेशी मालक

याच प्रश्नाची उलट बाजू आपल्या तरुण पदवीधरांना अनुभवावी लागते. ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पदवीस्तरीय व्यवसायाची अट घातली आणि सर्वसाधारण वेतनमर्यादा ३८,७०० पौंडांवरून ४१,७०० पौंडांवर नेली. आयुर्वेद उपचारक ज्या पूरक-चिकित्सा वर्गात मोडतात तो वर्ग तेथे पदवीस्तराखालचा मानला जातो. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या वैद्याला याचे दुःख व्हावे हे स्वाभाविक आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात वर्षाला १,८०० भारतीयांची सोय झाली, परंतु ती योगशिक्षक, आचारी व शास्त्रीय संगीतकार यांच्यासाठी. वैद्य त्यात नाही. न्यूझीलंडशी व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, त्यात मात्र ५,००० तात्पुरत्या व्हिसांच्या तरतुदीत आयुष चिकित्सकांचा नावानिशी उल्लेख आहे. एखाद्या शेफच्या रांगेत का होईना, वैद्याचे नाव आंतरराष्ट्रीय कराराच्या कागदावर आले.

तसाच उल्लेख आपल्या नियमांत कोणाचा व्हावा, याविषयी आमचे एक मत आहे. श्रीलंकेचे, मॉरिशसचे किंवा युरोपातील विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत बी. ए. एम. एस. पूर्ण करतात. इंटर्नशिप हा अभ्यासक्रमाचाच भाग असल्याने ती विद्यार्थी व्हिसावर पार पडते. त्यानंतर गुरूजवळ दोन-तीन वर्षे राहून नाडी, पंचकर्म वा औषधनिर्मितीचा अनुभव घ्यावा, असे त्यांच्यातील उत्तम विद्यार्थ्यांना वाटते. ते राहू शकत नाहीत. कारण त्यासाठी वैद्याने त्यांना वर्षाला १६.२५ लाख रुपये दिले पाहिजेत, आणि बहुतेक वैद्यांचे स्वतःचे उत्पन्नही तेवढे नसते. संगणक अभियंत्यासाठी आखलेला उंबरठा येथे गुरुशिष्य परंपरेच्या आड येतो. जपानी भाषेच्या शिक्षकास सूट देता येते, तर भारतातच शिकलेल्या परदेशी आयुर्वेद पदवीधरास, नोंदणीकृत वैद्याकडे, ठरावीक मुदतीपुरती ती का देऊ नये? असे निवेदन आयुष मंत्रालय व गृह मंत्रालय या दोहोंकडे संघटनेमार्फत जावे, अशी आमची सूचना आहे. ज्या सभासदांकडे असे विद्यार्थी येऊन परत गेले असतील त्यांनी विद्यार्थ्याचा देश, अभ्यासक्रमाचे वर्ष आणि परत जाण्याचे कारण एवढी माहिती, नाव वगळून, संघटनेच्या कार्यालयाकडे लेखी पाठवावी. नुसत्या तक्रारीपेक्षा अशा नोंदींची यादी जोडलेले निवेदन मंत्रालयात अधिक वाचले जाते.